बरोबरीच्यांचे जाळे

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि औंढा नागनाथ, त्याच्या परिसरातले जवळा बाजार, नरसी नामदेव ही सारी गावे परभणीच्या दप्तरातून हिंगोलीच्या दप्तरात गेली. त्याच महिन्याच्या १७ तारखेला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी ‘सेटी अ‍ॅट होम’ हा कार्यक्रम जगापुढे ठेवला. परग्रहावरून येणारा एखादा संकेत रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत दडलेला आहे काय, हे शोधण्यासाठी त्यांनी घरोघरीच्या रिकाम्या संगणकांकडे मदत मागितली. पुढच्याच महिन्यात ‘नॅप्स्टर’ आले आणि अनोळखी माणसे एकमेकांच्या संगणकावरची गाणी परस्पर उतरवून घेऊ लागली. या तीन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. तो पुढे सतरा वर्षांनी जुळला, आणि तोही औंढ्याच्या माळावर. ती हकीकत सांगणे हा या लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू असा, की संगणकशास्त्रात ‘केंद्र हवे की नको’ म्हणून पंचवीस-तीस वर्षे जो वाद चालला आहे, तो मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला वाटतो तितका परका नाही, हे आमच्या परीने दाखवणे.

आधी गावाच्या नावाविषयी थोडेसे. कोकणातल्या वाचकाला ‘जवळा’ म्हटले की सुकवलेली बारीक कोळंबी आठवेल. मराठवाड्यात हे गावाचे नाव आहे आणि ते एका गावाचे नाही. याच हिंगोली जिल्ह्यात जवळा पांचाळ आहे; जिल्ह्याबाहेरही जवळे पुष्कळ. म्हणून नावापुढे ओळखीची खूण लागते: बाजाराचा जवळा तो जवळा बाजार. टपालखात्यापासून सोयरीक जुळवणाऱ्यांपर्यंत सर्वांना या खुणेवाचून चालत नाही. एकाच नावाच्या अनेकांतून हवा तो नेमका कसा गाठावा, हा प्रश्न आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता दोन परभाषी शब्द. ‘ग्रीड’ म्हणजे मुळात मांस भाजण्याची लोखंडी जाळी. विजेच्या तारांच्या जाळ्याला हा शब्द लागला तो इंग्लंडात. १९२६ च्या कायद्याने तेथे गावोगावची विखुरलेली वीजकेंद्रे एका मंडळाच्या हुकमतीखाली जोडली गेली. म्हणजे ग्रीड ही मुळात केंद्रीकरणाची कल्पना. दुसरा शब्द ‘पीअर’. त्याचे मूळ लॅटिनमध्ये, अर्थ ‘समान’. परंतु इंग्लंडात हाच शब्द उमरावांना लागला, कारण ते आपापसांत समान होते. इतरांशी समान असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा ‘पीअर-टू-पीअर पद्धतीचे विकेंद्रित ग्रीड’ या शब्दप्रयोगात दोन्ही शब्द आपापल्या जन्माशी फारकत घेऊन उभे आहेत. आम्ही ‘पीअर’साठी ‘बरोबरीचा’ हा साधा शब्द वापरणार आहोत. ‘समकक्ष’ म्हटल्याने काम अधिक शास्त्रीय होईल, अधिक स्पष्ट होईल असे मात्र वाटत नाही.

रिकाम्या यंत्रांकडून काम करून घेण्याची युक्ती सेटीच्या आधीची आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास ‘कॉन्डॉर’ ही प्रणाली उभी केली. विभागातले संगणक रात्री आणि सुटीच्या दिवशी नुसते चालू असतात, तर ते वाया जाणारे तास गोळा करून कोणाचे तरी मोठे गणित सोडवावे, मालक परत आला की मुकाट्याने बाजूला व्हावे, असा तिचा शिरस्ता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी याच विचाराला मोठा आराखडा दिला. विजेचे बटण दाबणारा माणूस वीज कोठल्या केंद्रातून आली हे विचारत नाही, तशीच गणनशक्ती भिंतीतल्या खाचेतून मिळावी, हे त्यांचे रूपक. मराठवाड्यातल्या वाचकाने हे रूपक ऐकून हसू नये, एवढीच विनंती. आमचे विद्यार्थिदशेतले दिवस भारनियमनाचे वेळापत्रक पाठ करण्यात गेले, त्यामुळे ग्रीड म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे प्रथम काळोख येतो.

महाराष्ट्रात या विचाराला अनुकूल भूमी होती. पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना झाली. १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. पुढे याच संस्थेने ‘गरुड’ नावाचे राष्ट्रीय ग्रीड हाती घेतले आणि पहिल्या टप्प्यात सतरा शहरांतल्या पंचेचाळीस संस्था एकमेकींना जोडल्या. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सर्नच्या जागतिक ग्रीडमध्ये सहभागी झाली. सर्नचे ते ग्रीड आरंभी एखाद्या सरकारी खात्यासारखे पायऱ्यापायऱ्यांचे होते: शून्यावी पायरी जिनिव्हात, तिच्याखाली पहिली, तिच्याखाली दुसरी, आणि मुंबई दुसऱ्या पायरीवर. कालांतराने ही उतरंड सैल करावी लागली, खालच्या पायऱ्यांना आपापसांत माहितीची देवघेव करू द्यावी लागली. हे कोणाच्या लोकशाहीप्रेमामुळे झाले नाही. सगळी ये-जा वरून खाली चालण्यापेक्षा आडवी चालली तर काम लवकर होते, असे आढळले म्हणून झाले.

ग्रीडवाले आणि बरोबरीवाले हे आरंभी दोन वेगळे गोत होते. ग्रीडवाले विद्यापीठांतले: थोडी, मोठी, भरवशाची यंत्रे, प्रत्येकाची ओळख तपासलेली, प्रत्येकाचा करार झालेला. बरोबरीवाले रस्त्यावरचे: लाखो यंत्रे, कोण कोठला हे ठाऊक नाही, क्षणात आला क्षणात गेला. फॉस्टर यांनीच अद्रिआना इयामनिची यांच्यासमवेत २००३ साली एका निबंधात म्हटले, की हे दोन प्रवाह एकत्र येणे अटळ आहे. एकापाशी काम आहे पण विस्तार नाही, दुसऱ्यापाशी विस्तार आहे पण गंभीर काम नाही. त्या निबंधाच्या शीर्षकात मृत्यू आणि कर यांच्या अटळतेचा विनोदी उल्लेख आहे. शास्त्रीय निबंधांना अशी शीर्षके देण्याची सोय आपल्या विद्यापीठीय मराठीत अद्याप नाही, याची हळहळ वाटते.

आता औंढ्याच्या माळाकडे वळू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती वार्ता जाहीर झाली आणि आठवडाभरात, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतात तशी वेधशाळा उभारण्यास तत्त्वतः मान्यता दिली. तिच्यासाठी निवडलेली जागा औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाजवळची. अंतिम मंजुरीला मात्र एप्रिल २०२३ उजाडला; खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये; ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीतून कोनशिला बसवली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग यांच्यावर हे काम सोपवलेले आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, त्यांतून धावणारा लेसर, आणि लहर आली असता त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांश. २०३० च्या सुमारास ती सुरू व्हावी असे उद्दिष्ट आहे.

एवढ्या सूक्ष्म गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? या प्रश्नाचे उत्तर आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. एका वेधशाळेतले यंत्र ट्रक गेला तरी थरथरते, दूरच्या किनाऱ्यावर लाट आपटली तरी थरथरते. म्हणून एकीची साक्ष ग्राह्य नाही. सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांनी तेच कंपन, प्रकाशाच्या वेगाने ते अंतर कापण्यास लागणाऱ्या दहा सहस्रांश सेकंदांच्या आत नोंदवले, तरच दखल घ्यायची. २०१५ च्या त्या लहरीत हे अंतर सुमारे सात सहस्रांश सेकंदांचे होते. साक्षीदार वाढले की लहर आकाशातून कोठून आली हेही सांगता येते. दुधाळ्याची वेधशाळा हवी आहे ती मुख्यतः यासाठी: तिचे महत्त्व ती इतरांहून मोठी असण्यात नाही, ती इतरांच्या बरोबरीची आणि इतरांपासून लांब असण्यात आहे.

टिपलेल्या नोंदींतून लहर शोधणे हे पुन्हा वेगळेच कष्टाचे काम. दोन कृष्णविवरांच्या मिलनाची लहर अपेक्षेप्रमाणे कशी दिसावी याचे हजारो नमुने आधी काढून ठेवावे लागतात आणि प्रत्येक नमुना नोंदीवर ठेवून पाहावा लागतो. या नमुन्यांची निवड किती दाट असावी याचा पाया घालणाऱ्यांत आयुकाचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचे १९९१ सालचे काम मोडते. मिलनाची लहर क्षणभराची असते. त्याउलट एखादा न्यूट्रॉन तारा किंचित ओबडधोबड असेल, तर तो फिरताना वर्षानुवर्षे अखंड, अतिक्षीण लहर सोडत राहील. ती ऐकायची तर महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतात. शिवाय पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरत असल्याने त्या लहरीचा सूर सतत बदललेला भासतो, आणि तो बदल आकाशातल्या प्रत्येक बिंदूसाठी निराळा. जितक्या अधिक काळाच्या नोंदी, तितके आकाशाचे तुकडे बारीक. गणित इतक्या झपाट्याने वाढते की जगातला कोणताही महासंगणक अपुरा पडावा.

म्हणून १९ फेब्रुवारी २००५ रोजी, भौतिकशास्त्राच्या जागतिक वर्षात, ब्रूस अ‍ॅलन यांच्या पुढाकाराने ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ सुरू झाले. घरबसल्या कोणीही आपला संगणक त्यात लावावा. एक तुकडा उतरून येतो, यंत्र रिकामे असेल तेव्हा सोडवले जाते, उत्तर परत जाते. अशा अखंड लहरी आजवर कोणालाही सापडलेल्या नाहीत. परंतु या कार्यक्रमाने नंतर रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीही तपासावयास घेतल्या, आणि ऑगस्ट २०१० मध्ये एक नवा स्पंदक तारा त्यातून हाती आला, सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा. त्याचे श्रेय अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील एका दांपत्याला आणि जर्मनीतील माइन्झच्या एका गृहस्थाला देण्यात आले. दोघांना का? कारण प्रत्येक तुकडा एकमेकांस अनोळखी अशा दोन यंत्रांकडे धाडला जातो, आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच ती स्वीकारली जातात. न जुळल्यास तिसऱ्याला विचारायचे. वेधशाळांच्या बाबतीत जो साक्षीचा नियम, तोच हिशेबाच्या बाबतीत.

२०१६ साली, त्या वार्तेच्या भरात, आम्हीही हा उद्योग करून पाहिला. मराठी विभागातल्या चार संगणकांपैकी दोन या कामाला लावले. विभागाला वीज कधी असे, कधी नसे. आंतरजालाची जोडणी तर पावसाळ्यात आठ-आठ दिवस दिसत नसे. काम मधेच तुटले तरी यंत्र जेथवर पोहोचले तेथपासून पुढे सुरू होई, ही सोय आम्हाला फार आवडली. परंतु चौदा दिवसांची मुदत टळली की तो तुकडा आमच्या नावावरून काढून कोणा दुसऱ्याला दिला जाई. एकदा आमचे उत्तर जवळजवळ पूर्ण झाले असता असे घडले, तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपण नसतो तरी यांचे काही अडत नव्हते!’’ त्यांच्या स्वरात तक्रार होती. आम्हाला मात्र त्या प्रणालीचे खरे मर्म त्या वाक्यात सापडले. आपल्यावाचून न अडणे हीच तिची रचना आहे. पुढे विजेच्या बिलाची विचारणा झाली आणि आमचे खगोलशास्त्र आटोपले.

पण याच अनुभवातून एक शंकाही निर्माण झाली. आम्ही या जाळ्यात बरोबरीचे होतो का? काम आमचे होते. काम कोणते करायचे, त्याचे तुकडे कसे पाडायचे, बरोबर काय नि चूक काय, हे सारे मध्यवर्ती सर्व्हर ठरवत होता. दोन स्वयंसेवक एकमेकांशी एक शब्दही बोलत नव्हते. श्रम विखुरलेले आणि अधिकार एकवटलेला, अशी ती व्यवस्था. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती अगदीच अनोळखी वाटू नये.

खरोखरीच केंद्र काढून टाकले तर काय होते, याचे प्रयोग याच काळात झाले. नॅप्स्टरमध्ये गाणी घरोघरी असली तरी कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी एका ठिकाणी होती, चावडीवरच्या वहीसारखी. न्यायालयाच्या आदेशापुढे २००१ साली ती वही मिटली आणि नॅप्स्टर संपले. मार्च २००० मध्ये आलेल्या ‘नुटेला’ने वहीच ठेवली नाही. त्याची रीत दवंडीची: मी माझ्या शेजाऱ्यांना विचारायचे, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना, असे सात हातांपर्यंत. गाव लहान असेल तर दवंडी चालते. गाव लाखाचे झाले की जो तो ओरडतो आहे आणि कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही, अशी अवस्था होते. नुटेलाची तशीच झाली. यावर २००१-०२ च्या सुमारास जो तोडगा निघाला तो आम्हाला विलक्षण वाटतो. ‘कॉर्ड’, ‘पेस्ट्री’, ‘कॅडेम्लिया’ या रचनांमध्ये प्रत्येक यंत्राला आणि प्रत्येक वस्तूला गणिताने एक आकडा मिळतो; ज्या यंत्राचा आकडा वस्तूच्या आकड्याच्या जवळचा, त्याने त्या वस्तूचा ठावठिकाणा सांभाळायचा. प्रत्येकाला सगळे जग ठाऊक नसते. थोडे जवळचे आणि काही थोडे दूरचे इतकेच पत्ते त्याच्यापाशी असतात. दहा लाख यंत्रांच्या जाळ्यात हवे ते यंत्र वीसेक टप्प्यांच्या आत गाठता येते. येथे ‘जवळ’ या शब्दाचा भूगोलाशी संबंध उरत नाही. या हिशेबात जवळा बाजारचा शेजारी जवळा पांचाळ असेलच असे नाही. तो पेरू देशातला कोणी असू शकेल.

पत्ता सापडला तरी दाराआडचा माणूस मदत करील याची हमी काय? झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातल्या एतान अदार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी २००० साली नुटेलाची पाहणी केली तेव्हा जवळजवळ सत्तर टक्के लोक घेत होते, पण देत काहीच नव्हते. गणनशक्तीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट, कारण गाणे दिल्याने कमी होत नाही. यंत्राचा तास दिला की गेला. ब्राझीलमधील काम्पिना ग्रांदे येथील विद्यापीठात वाल्फ्रेदो सिर्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अवरग्रीड’ नावाची प्रणाली रचली. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी करारावाचून, पैशावाचून एकमेकांचे रिकामे संगणक वापरावेत अशी ती योजना, आणि तिचा कणा म्हणजे ‘उपकारांचे जाळे’. प्रत्येक जण आपापली वही ठेवतो: अमक्याने माझे किती काम केले, त्यातून मी त्याचे किती केले ते वजा. दोघे एकाच वेळी मदतीला आले तर ज्याचे देणे अधिक, त्याला आधी. वही खासगी, ती कोणाला दाखवायची नाही, म्हणून तिच्यात कोणी दुसरा खोट करू शकत नाही. खात्यातली बाकी शून्याच्या खाली जात नाही. हा शेवटचा नियम वरकरणी बुडव्यांच्या बाजूचा वाटतो. वास्तविक तो त्यांना नामोहरम करतो. बुडव्याची बाकी उणे होत असती तर तो नाव बदलून शून्यावर आला असता. शून्याखाली खातेच नसल्याने नाव बदलून त्याचा काहीच लाभ नाही.

हे वाचताना आमच्या मनात एकच शब्द घुमत होता: सावड. ज्याच्याकडे एक बैल, त्याने दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवायची. आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. पेरणीला, काढणीला माणसांची सावड. तिची वहीही कोठे लिहिलेली नसते. ती ज्याच्या त्याच्या ध्यानात असते. ब्राझीलच्या संगणकतज्ज्ञांनी सूत्रबद्ध केलेली गोष्ट आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला अवगत होती, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आम्हाला झाला. तो आवरला पाहिजे. सावडीत माणूस नाव बदलू शकत नाही. त्याचे घराणे, त्याची जात, त्याचे रान सर्वांना ठाऊक असते, आणि सावड कोणी कोणाशी करायची हेही बहुधा त्यावरूनच ठरते. ज्याच्यापाशी बैलच नाही तो सावडीत येत नाही, तो मजुरीवर जातो. संगणकाच्या जाळ्यात अनोळखी माणसाला शून्यापासून आरंभ करता येतो. गावात ते शून्य सर्वांना उपलब्ध नव्हते. साम्य सांगताना हा भेद गाळला, तर इतिहास न लिहिता आपण स्मरणरंजन लिहीत बसू.

नाव बदलण्याच्या प्रश्नाला संगणकशास्त्रात नाव आहे: सिबिल. एकाच व्यक्तीत अनेक व्यक्तिमत्त्वे नांदत असल्याच्या एका गाजलेल्या पुस्तकातल्या स्त्रीचे हे नाव. जॉन डूसर यांनी २००२ साली दाखवले, की ओळख पटवणारी कोणतीही मध्यवर्ती सत्ता नसेल, तर एकच लबाड शेकडो नावे घेऊन जाळ्यात शिरू शकतो आणि साक्षीचा नियम आतून पोखरू शकतो. दोन साक्षी जुळल्या, पण दोघेही तोच. मराठीच्या अभ्यासकाला याची उलट बाजू परिचित आहे. नामदेवांचे नाव सांगणारे नरसी याच जिल्ह्यात. ‘नामा’ या एका मुद्रेखाली किती कवींची रचना एकवटली आहे, विष्णुदास नाम्याची कोणती आणि चोखोबांच्या समकालीन नामदेवाची कोणती, हा वाद अभ्यासकांना पिढ्यान्‌पिढ्या पुरला. तेथे एकाची अनेक नावे नव्हती. अनेकांचे एक नाव होते. गाथेच्या जाळ्यात प्रवेशाला मुद्रा पुरे होती, आणि मुद्रा कोणालाही लावता येत होती. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत; मराठी परंपरेपासून दूर, पंजाबात वेगळी वाढलेली ती प्रत आहे, म्हणून तिची साक्ष अभ्यासकाला मोलाची वाटते. साक्षीदार दूरचा हवा, तो याचसाठी.

पाठचिकित्सा हे मुळात याच प्रकारचे काम आहे, असे आमचे मत होत चालले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे. एकही मूळ प्रत नाही, सगळ्या नकला, प्रत्येक नकलेत चुका. आणि तरीही वेगवेगळ्या प्रांतांतल्या, एकमेकींशी संपर्क नसलेल्या प्रतींचे जेथे जुळते तेथे पाठ जुना, असा विष्णु सीताराम सुखटणकरांचा दंडक. १९९९ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपालांनी ‘लॉक्स’ नावाची प्रणाली सुरू केली. नियतकालिके आंतरजालावर गेली, प्रकाशक बुडाला तर अंक कोठे शोधायचे, ही त्यांची चिंता. अनेक ग्रंथालयांनी आपापली प्रत ठेवायची, ठरावीक काळाने एकमेकांना विचारायचे, बहुमताविरुद्ध गेलेली प्रत बिघडली असे समजून दुरुस्त करायची. केंद्र नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि लोकगंगेने ती तारली, या कथेचा जो बुद्धिगम्य अर्थ सांगितला जातो तो याहून निराळा नाही. संताजी जगनाड्यांच्या वह्या ही त्या जाळ्यातलीच एक गाठ.

परंतु बहुमताने दुरुस्ती करण्यात धोका आहे, आणि तो ‘लॉक्स’च्या कर्त्यांनाही ठाऊक होता: दुरुस्ती मुद्दाम संथ ठेवायची, म्हणजे लबाडाला एका झटक्यात सगळ्या प्रती बदलता येणार नाहीत. ज्ञानेश्वरीचे उदाहरण घ्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पैठणास तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये असे बजावले. विखुरलेल्या, बिघडत चाललेल्या प्रतींना त्यांनी एक केंद्र दिले. वारकऱ्यांवर त्यांचे हे अपार ऋण आहे. परंतु त्या केंद्राचा दाब असा पडला, की त्यापूर्वीचे पाठ हळूहळू लोप पावले. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा एवढा गहजब झाला तो यामुळेच. कोठल्याशा कोपऱ्यात दुरुस्ती न पोहोचलेली एक गाठ शिल्लक राहिली होती. बहुमताच्या नियमाने ती सदोष ठरली असती.

तेव्हा केंद्र असावे की नसावे, याचे एकच उत्तर आम्ही देऊ शकत नाही. आणि जे देतात त्यांच्याविषयी आम्हाला थोडा संशय वाटतो. हवामानाच्या गणितात प्रत्येक तुकड्याला क्षणोक्षणी शेजारच्या तुकड्याशी बोलावे लागते. ते काम आयोवा आणि माइन्झमध्ये वाटून होणारे नाही, त्याला एका छताखालचा महासंगणकच हवा. अखंड लहरींच्या शोधाचे तुकडे परस्परांशी बोलत नाहीत म्हणून ते वाटता येते. खुद्द लायगोच्या दैनंदिन कामासाठीही घरगुती संगणक नाहीत, संस्थांचे ग्रीड आहे. त्यात अमेरिका-युरोपातल्या संगणकसमूहांच्या जोडीला पुण्याच्या आयुकातला ‘सारथी’ आहे, आणि त्यांच्यावर कामाची वाटणी करतो तो तोच जुना विस्कॉन्सिनचा कॉन्डॉर.

आमची खरी अस्वस्थता वेगळ्या जागी आहे. दुधाळ्याची वेधशाळा हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या बरोबरीची होईल, यात आम्हाला शंका नाही. तिच्यावाचून आकाशातली जागा नेमकी सांगता येत नाही म्हणून तिला बरोबरीचे स्थान द्यावेच लागेल. लायगोच्या नोंदी ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुल्या केल्या जातात. जवळा बाजारच्या एखाद्या मुलीला त्या आपल्या संगणकावर उतरवून घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आयोवातल्या दांपत्याइतकाच तिचा त्यांवर हक्क. मात्र त्या नोंदींचे काय करावे हे सांगणारे साधे, नेटके, पाठ्यपुस्तकी मराठी पान तिला सापडणे कठीण. जयंत नारळीकरांनी जन्मभर मराठीत विज्ञान लिहिले. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांनी उभारलेल्या आयुकाची माणसे आज औंढ्याला ये-जा करतात. आपल्या मराठी विभागांतून मात्र गुरुत्वीय लहरींवर लेख लिहवून घेण्याचा, त्याची भाषा तपासण्याचा, परिभाषेवर भांडण्याचा उद्योग कोणी आरंभल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हे काम महासंगणकाचे नाही. त्याचे तुकडे पाडता येतात, आणि ते एकमेकांशी न बोलताही सोडवता येतात.

औंढ्याच्या देवळाची कथा सर्वांना ठाऊक आहे. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले तेव्हा म्हणाले, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवीत तेथे पिंड दिसे. त्या देवळापासून वेधशाळेची जागा फार दूर नाही. गेल्या खेपेस आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा परतताना जवळा बाजारला चहासाठी थांबलो. दुकानदाराने विचारले, ‘‘सर, ते लायगो म्हणजे नेमकं काय करणार हो?’’ आमच्यापैकी तिघांनी तीन निरनिराळी उत्तरे दिली. ती जुळली नाहीत.